पहिला मान कुणाचा?
शिवाजी पार्कात उजाडायच्या आधीच जागेची वाटणी झालेली असते. ती कुणी करून दिलेली नाही. कट्ट्याच्या कडेची वाट चालणाऱ्यांची, मधली जमीन क्रिकेटची, समर्थ व्यायाम मंदिराचा कोपरा मल्लखांबाच्या पोरांचा. रविवारी एका सामन्याचा मिडविकेटवाला दुसऱ्याच सामन्याच्या स्लिपशेजारी उभा असतो आणि दोघेही आपापला चेंडू अचूक ओळखतात. ‘बॉल, बॉल!’ अशी हाक आली की चालणारा थबकतो, चेंडू उचलून आत फेकतो. सिझन बॉल पोटरीवर बसला तर मात्र आवाज चढतात. कुणी जाळी लावा म्हणतं, कुणी चालायची वेळ बदला म्हणतं, आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसं त्याच जागी हजर असतात. असल्या खटक्यांची मला कधी काळजी वाटली नाही. रोज एकमेकांची तोंडं बघणारी माणसं भांडतात तशी निभावूनही नेतात.

काळजी वाटते ती ‘मैदान आमचं’ या वाक्याची. मी पार्कालगतच्या गल्लीत राहतो; हे वाक्य मी आमच्याच जिन्यात ऐकत आलो आहे. म्हणणारी माणसं चांगली आहेत, इथे त्यांच्या तीन पिढ्या गेल्या आहेत. पण हे मैदान १९२५ साली पालिकेने खुलं केलं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ साली अवंतिकाबाई गोखल्यांच्या पुढाकाराने ते शिवाजी पार्क झालं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा इथे झाल्या, क्रिकेट प्रशिक्षक आचरेकर सरांची मुलं इथे घडली. यातलं काहीही केवळ आसपासच्या इमारतींच्या बळावर झालेलं नाही.

रहिवाशांच्या तक्रारी खोट्या आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. लाल मातीची धूळ घ्या. उन्हाळ्यात वारा सुटला की ती खिडक्या बंद असतानाही घरात येते, दम्याच्या माणसाच्या छातीत उतरते. पालिकेने पावसाचं पाणी जिरवून फवारण्याची सोय केली, गवत लावून पाहिलं, धूळ आहेच. ज्याच्या श्वासात ती जाते त्याला श्वास घ्यायला दुसरं घर नाही. इथे रहिवाशांचा हक्क खेळाडूंच्याही आधीचा आहे, आणि त्यासाठी काही महिने सामने कमी करावे लागले तर करावेत.

भांडणाचा निवाडा करताना माझ्यापुरता मी हाच एक प्रश्न धरून चालतो: याला दुसरी जागा आहे का? राजकीय पक्षांना आहे. २०१० साली उच्च न्यायालयाने पार्क शांतता क्षेत्र ठरवलं, पुढे राज्य सरकारने खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांसाठी वर्षातले ४५ दिवस राखले. त्या दिवसांवरून पक्षापक्षांत ओढाताण चालते. सभेला बीकेसीचं मैदान चालतं, आझाद मैदान चालतं. खेळणाऱ्या मुलांना पार्क बंद ठेवण्याइतकी ती सभा मोठी नसते. फी घेऊन चालणाऱ्या कोचिंगच्या नेट्सचंही तेच. नेट्स वाढत जातात आणि वरळी-परळच्या चाळींतून टेनिस बॉल घेऊन आलेली पोरं कडेला, कचऱ्याच्या डब्यांपाशी सरकतात. त्यांच्या चाळीला अंगण राहिलेलं नाही. पार्कात त्यांच्यावर कुणी खेकसलं की मला राग येतो.

आणि सहा डिसेंबर, बाबासाहेब आंबेडकरांचा स्मृतिदिन. चैत्यभूमीवर येणारे लोक विदर्भातून, मराठवाड्यातून, कितीतरी जण विनाआरक्षित डब्यात उभे राहून येतात. पालिका पार्कात मंडप घालते, पाण्याची आणि स्वच्छतागृहांची सोय करते, आणि ते जमिनीवर सतरंजी टाकून झोपतात. त्या दिवसांत आमच्या भागातली काही कुटुंबं घराला कुलूप लावून बाहेरगावी जातात. गर्दी, अस्वच्छता ही कारणं सांगितली जातात. दसऱ्याच्या गर्दीला किंवा गणपतीच्या रात्रींना ती इतक्या जोराने सांगितली जात नाहीत, हे मी बघत आलो आहे, आणि त्यामागे काय आहे ते न बोलताही सगळ्यांना कळतं. या गर्दीत पुस्तकांचे स्टॉल रांगेने लागतात आणि मजुरी बुडवून आलेली बाई दोन-तीन पुस्तकं पिशवीत घालून परत निघते. बाबासाहेबांवर १९५६ साली इथेच, दादरच्या किनाऱ्यावर अंत्यसंस्कार झाले. ती जागा बदलणार नाही. या लोकांना दुसरी जागा दाखवणं शक्यच नाही, म्हणून त्या दिवसांत मैदानावर पहिला मान त्यांचा. चालणाऱ्यांनी दोन-तीन सकाळी समुद्राकडे वळावं, क्रिकेटने सुट्टी घ्यावी.

पार्कालगत राहणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांना एवढीच विनंती आहे. येत्या सहा डिसेंबरला गावाला जाऊ नका. सोसायटीचं फाटक उघडं ठेवा, तळमजल्याचा नळ वापरू द्या, रात्री उशिरा आलेल्या म्हाताऱ्या माणसाला जिन्यात बसू द्या. आणि स्टॉलवर जाऊन एक तरी पुस्तक विकत घ्या.