जुना स्पिंडल टाकू नका

कुंभार पिंपळगावात माझं मोटर-पंप दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी मी नौदलात होतो. भरतीनंतर ओडिशातलं चिल्का, मग लोणावळ्याचं 'आयएनएस शिवाजी', आणि नव्वदच्या दशकात मुंबईला गोदावरी वर्गाच्या एका फ्रिगेटच्या इंजिनरूममध्ये नेमणूक. गावातली माणसं म्हणायची, गोदावरी, आपली गंगा, इथं जवळ असताना एवढ्या लांब कशाला गेलास?

गोदावरी वर्गाच्या युद्धनौका तीनच. 'गोदावरी' 1983 ला नौदलात आली, 'गंगा' 1985 ला, 'गोमती' 1988 ला. तिन्ही माझगाव गोदीत बांधल्या. तिथंच आधी ब्रिटिश लिअँडर नमुन्यावर 'निलगिरी' आणि तिच्या पाच बहिणी झाल्या होत्या. तेच अंग वाढवून दोन सी किंग हेलिकॉप्टरं मावतील असं हे जहाज केलं. पोटात मात्र सगळं सरमिसळ. बॉयलर-टर्बाइन ब्रिटिश वळणाचे, तोफा-क्षेपणास्त्रं सोव्हिएत, लढाईची माहिती जुळवणारी यंत्रणा इटलीची. 1991 ला सोव्हिएत संघ फुटला आणि तिकडच्या सुट्या भागांची वाट पाहणं वाढलं. तोफखान्यातली पोरं त्यावरून कायम वैतागलेली असायची.

आमचं दुखणं साधं होतं. एका मोहिमेआधी बॉयलरच्या फीड पंपाला वाफ देणाऱ्या व्हॉल्व्हचं ग्लँड, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा (स्पिंडल) बाहेर येतो तिथलं सील, गळायला लागलं. पॅकिंग बदललं, पुन्हा गळती. खोलून पाहिलं तर स्पिंडलला चर पडलेली. चर पडलेल्या दांड्यावर कितीही चांगलं पॅकिंग भरा, ते खाल्लं जातंच.

नव्या स्पिंडलची मागणी घातली. आला तो ग्रीसच्या कागदात गुंडाळून, चिठ्ठीवर नंबर तंतोतंत. पण बसेना. थ्रेड गेज लावला तर आट्यांचं अंतरच वेगळं. आधीच्या मोठ्या दुरुस्तीत कुणीतरी तो अख्खा व्हॉल्व्ह बदलला होता, रजिस्टरात नंबर मात्र जुनाच राहिला होता. पुरवणाऱ्यानं मागितलं तेच दिलं, भांडायचं कुणाशी? जहाजं एका वर्गाची असली तरी दहा वर्षं चालल्यावर आतून सारखी राहत नाहीत.

दुरुस्ती अडली, म्हणून माझी सुटी रद्द होणार हे कळल्यावर मी घरी पत्र टाकलं, की बहिणीच्या लग्नाला येणं होणार नाही. पत्र टाकून आल्यावर कुणाशी बोलावंसं वाटेना.

वाचवलं आमच्या चीफनं. खोललेला प्रत्येक भाग तो सुतळीनं चिठ्ठी बांधून एका डब्यात ठेवायचा: कुठला, कधी काढला, का काढला. आम्ही त्याच्या त्या डब्याला हसायचो. त्यातला चर पडलेला स्पिंडल घेऊन आम्ही गोदीच्या वर्कशॉपात गेलो. तिथल्या टर्नरनं व्हर्निअरनं झिजेबाहेरची मापं घेतली, आटे मोजले आणि त्याबरहुकूम लेथवर नवा काढून दिला. बसवला, वाफ सोडली, टॉर्च मारून पाहिलं. ग्लँड कोरडं. चीफनं रजिस्टर दुरुस्त करून घेतल्याशिवाय कुणाला हलू दिलं नाही, आणि त्या कागदाला स्पिंडलपेक्षा जास्त वेळ लागला. सुटी काही मिळाली नाही.

आता तिन्ही जहाजं निवृत्त आहेत. शेवटची 'गोमती', 2022 ला. 'निलगिरी' नावाची नवी फ्रिगेट 2025 ला आली, तिच्यात बॉयलर नाही.

तो स्पिंडल आठवून सांगतो, माझ्या दुकानी पंपाचा भाग न्यायला येणार असाल तर जुना भाग सोबत आणा, तुटका असला तरी. मोटारीवरच्या पाटीचा फोटोही आणा. नुसतं कंपनीचं नाव आणि हॉर्सपॉवर सांगितलं तर मी भाग देत नाही.