चित्राशेजारी उभे राहून

दृश्यकलेच्या पदवी अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला शब्दांची गरज प्रामुख्याने दोन ठिकाणी पडते. पहिले ठिकाण म्हणजे कलेतिहास आणि सौंदर्यशास्त्र या विषयांचा निबंध, आणि दुसरे म्हणजे वर्षभराचे काम भिंतीवर मांडून बाह्य परीक्षकांसमोर द्यावी लागणारी मौखिक परीक्षा, जिला कलामहाविद्यालयांत सर्रास ‘व्हायवा’ म्हणतात. रंगरेषांत रमलेल्या मुलांना दोन्ही प्रसंग परके वाटतात, कारण शब्द हे चित्राबाहेरचे, नंतर वरून चिकटवायचे काहीतरी आहे अशी त्यांची समजूत असते. या समजुतीमुळे पाठ केलेले निबंध लिहिले जातात आणि चांगले चित्र काढणारा विद्यार्थी स्वतःच्याच चित्रासमोर अवघडून उभा राहतो. वास्तविक दोन्ही परीक्षांत तपासली जाते ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे विद्यार्थ्याने चित्राकडे किती वेळ आणि किती बारकाईने पाहिले आहे.

सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ओळखले जाणारे चित्र या दृष्टीने फार शिकवणारे आहे. हातात दिवा घेतलेली, दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा धरणारी ही स्त्री घरोघरी छापील रूपात पोहोचली आहे, आणि मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील संग्रहालयात आहे. हे चित्र राजा रविवर्मा यांचे असल्याचा समज इतका पसरलेला आहे की विद्यार्थ्यांच्या निबंधांतही तो शिरतो. रविवर्मा 1906 साली निवर्तले आणि हे चित्र 1945-46 च्या सुमारास झाले, हा सनावळीचा पुरावा पुरेसा आहेच. परंतु ज्याने चित्र नीट पाहिले आहे त्याला सनावळीच्याही आधी माध्यमानेच थांबवले पाहिजे, कारण रविवर्म्यांची कीर्ती तैलरंगांची आहे आणि हे चित्र जलरंगातले आहे. तैलरंगात चित्रकार गडद रंगावर शेवटी उजळ रंग चढवू शकतो. पारदर्शक जलरंगात मात्र उजेड रंगवता येत नाही, तो राखावा लागतो, म्हणजे जिथे प्रकाश हवा तिथे कागद कोरा सोडून किंवा रंगाचा अगदी पातळ हात देऊन भोवतीचा अंधार हळूहळू वाढवत न्यावा लागतो. त्या स्त्रीच्या बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड कुठे असेल हे अंधार रंगवण्यापूर्वीच ठरवावे लागते. एवढे एक निरीक्षण ज्या निबंधात आहे तो चित्रकाराच्या जन्मगावापासून मिळालेल्या पदकांपर्यंत सगळे सांगणाऱ्या निबंधापेक्षा कितीतरी मोलाचा ठरतो, कारण त्यात चित्र घडताना घेतलेला निर्णय पकडलेला असतो.

चित्रातील आकार, रेषा, रंग, छटा आणि अवकाश यांचे परस्परसंबंध तपासण्याला रूपबंधाचे विश्लेषण म्हणतात, आणि निबंधाचा कणा तोच असावा. काळ, आश्रयदाते, धर्म, बाजार हा संदर्भ आवश्यक असला तरी तो चित्रातील एखाद्या दिसणाऱ्या गोष्टीचे उत्तर म्हणून यावा. भारतीय सौंदर्यशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत षडंगे, म्हणजे कामसूत्रावरील यशोधराच्या जयमंगला टीकेत आलेली चित्राची सहा अंगे, सर्वजण घडाघडा लिहितात. परंतु त्यांतील वर्णिकाभंग, म्हणजे रंग सिद्ध करण्याचे आणि कुंचला चालवण्याचे कौशल्य, ही कल्पना उचलून एखाद्या प्रत्यक्ष चित्राला लावून पाहणारा क्वचितच आढळतो. अजिंठ्याबद्दल लिहिताना हीच अडचण अधिक स्पष्ट होते. फ्रेस्को म्हणजे चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर रंग लावण्याची पद्धत, ज्यात रंगाचे कण चुन्याबरोबर बांधले जातात. अजिंठ्यात मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ थर देऊन तो सुकल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावलेले आहेत, त्यामुळे तिथे ‘भित्तिचित्र’ हा व्यापक शब्द बिनचूक ठरतो आणि ‘फ्रेस्को’ हा शब्द चुकतो. हा फरक पांडित्याचा नाही. ओल्या गिलाव्यावरचे काम तुकड्यातुकड्याने, त्या दिवसाचा गिलावा सुकण्याआधी संपवावे लागते, तर सुक्या पृष्ठभागावर चित्रकाराला परत फिरून रेषा बदलता येते, आणि म्हणून चुकीचा शब्द वापरणारा विद्यार्थी नकळत चित्रकाराच्या हाताबद्दलच चुकीचे विधान करत असतो.

निबंध कोणत्या भाषेत लिहावा, या प्रश्नाचा अनेक विद्यार्थ्यांना अकारण धसका असतो. प्रभाकर बरवे यांनी ‘कोरा कॅनव्हास’ मराठीत लिहिले, आणि वस्तू, आकार व अवकाश यांविषयी इतके सूक्ष्म या भाषेत बोलता येते हे त्या पुस्तकाने दाखवून दिले आहे. उसन्या इंग्रजी शब्दांच्या भाराखाली दबलेल्या वाक्यापेक्षा स्वतःला नेमके ठाऊक असलेल्या शब्दांतले साधे वाक्य परीक्षकाला अधिक सांगते.

मौखिक परीक्षेत हा नेमकेपणा तोंडी द्यावा लागतो, आणि तिथे विद्यार्थी हमखास जिथे घसरतो ते ठिकाण म्हणजे ‘संकल्पना’. परीक्षक समोर येताच एकाकीपणा, शहरीकरण, स्त्रीचे अस्तित्व असे मोठे शब्द सुरू होतात आणि मागच्या भिंतीवरील कॅनव्हास बाजूलाच राहतो. परीक्षकाचे प्रश्न बहुधा फार जमिनीवरचे असतात: हा आकार एवढाच का, हा निळा रंग इथेच का थांबला, यांतले एक चित्र काढून टाकायचे झाले तर कोणते काढाल. शेवटच्या प्रश्नाने मुले दचकतात आणि सगळीच चित्रे महत्त्वाची आहेत असे सांगून मोकळी होतात, पण स्वतःच्या कामातील कच्चा दुवा ओळखता येतो की नाही हे पाहण्यासाठीच तो विचारलेला असतो. उत्तर देताना परीक्षकाच्या चेहऱ्याकडे नव्हे, चित्राकडे वळावे, हवे तर दोन पावले जवळ जाऊन नेमकी जागा दाखवावी आणि मगच बोलावे. मधली काही क्षणांची शांतता अपमानकारक नसते, कारण पाहायला वेळ लागतो हे परीक्षकालाही ठाऊक असते. एखाद्या चित्रकाराचे नाव घेऊन प्रभाव विचारला गेला आणि त्याचे काम पाहिलेले नसेल, तर तसे सरळ सांगावे.

वासुदेव गायतोंडे यांनी स्वतःच्या चित्रांसाठी ‘अमूर्त’ या शब्दापेक्षा ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे कोणत्याही वस्तूपासून न निघालेले, हा शब्द पसंत केला होता. अमूर्तात मूळ वस्तूचा आकार सोलत, गाळत नेलेला असू शकतो, तर गायतोंडे यांच्या नंतरच्या चित्रांत रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवता-उतरवता जे उमटते तेच चित्र असते. आपल्या कामाला ‘अमूर्त’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला म्हणूनच विचारले जाते की याची सुरुवात कशातून झाली. झाडातून, भिंतीच्या ओलीतून की नुसत्या रंगाच्या थरातून, हे त्याला सांगता आले पाहिजे, आणि ते पाठांतराने येत नाही, काम करताना टिपून ठेवल्यानेच येते.

म्हणून मांडणीच्या दिवशी फ्रेम एका रेषेत आणि मध्य साधारण 150 सेंटिमीटर उंचीवर, म्हणजे नजरेच्या पातळीला, येईल याची काळजी घेतानाच चित्रांलगत एका टेबलावर स्केचबुके उघडी ठेवावीत. परीक्षक पुष्कळदा आधी तिथे वळतात, पाने मागे-पुढे करतात आणि एखाद्या खोडलेल्या रचनेवर बोट ठेवून ती का सोडली असे विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर फक्त त्या विद्यार्थ्यालाच देता येते, आणि ते देत असताना बहुधा त्याचा आवाज प्रथमच मोकळा होतो. नीटनेटकेपणाच्या हौसेने अशी पाने आदल्या रात्री फाडून टाकणारी मुले दरवर्षी असतात, त्यांना वेळीच अडवले पाहिजे.