रसोलीचं नाव

आमच्या डोलवीत अंगावर काहीही उठलं की लोक गाठ म्हणतात. आमच्या घरात रसोली. नाव एक, म्हणून इलाजही एक : कापून टाका. खालाच्या मांडीतली रसोली अशीच एका दवाखान्यात कापली आणि कचऱ्यात गेली. तपासणीला पाठवलीच नाही. वर्षाच्या आत ती पुन्हा उठली. तेव्हा आम्ही वडखळ, पनवेल करत परळच्या टाटा हॉस्पिटलात पोचलो. पहिला सवाल आला, "आधीच्या गाठीचा ब्लॉक कुठे आहे?"

ब्लॉक म्हणजे गाठीचा मेणात बसवलेला तुकडा. त्याचे केसाहून पातळ काप काचेवर घेऊन रंगवतात. पेशींची केंद्रं निळी दिसतात, बाकीचा भाग गुलाबी. १९४१ साली हे इस्पितळ सुरू झालं, तेव्हा तिथली पॅथॉलॉजी डॉ. वसंत खानोलकरांनी उभी केली.

चरबी, स्नायू, मज्जातंतूंचं आवरण यांत होणाऱ्या कर्करोगाला सार्कोमा म्हणतात. मोठ्या माणसांच्या शंभर कर्करोगांत तो जेमतेम एक. पण त्याच्या जाती पन्नासाहून जास्त. कित्येक जातींच्या पेशी सारख्याच, चातीसारख्या लांबट. आम्ही उर्दू शाळेत बे, पे, ते शिकवतो. तिन्हींचा आकार एक, फरक फक्त नुक्त्यांचा. इथे नुक्त्यांचं काम खास तपासण्या करतात. डेस्मिन सापडलं तर बोट स्नायूकडे जातं, एस-१०० सापडलं तर बहुधा मज्जातंतूच्या आवरणाकडे. मात्र एकाच खुणेवर निकाल देत नाहीत.

नावंही कायमची नसतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९६९ मध्ये या गाठींची पहिली यादी केली. पुढे 'मॅलिग्नंट फायब्रस हिस्टिओसायटोमा' हे नाव सर्रास लिहिलं जाई. त्या एका नावाखाली वेगवेगळे आजार कोंबले गेल्याचं उघड झालं आणि २०१३ च्या यादीतून ते नाव गेलं. जाणकारही सगळ्या गाठींना एकच नाव देऊन फसले होते, तिथे आमच्या मोहल्ल्याचं काय!

नावावरच पुढचं सगळं ठरतं : किती कापायचं, किरणं द्यायची की औषध. खालाच्या नव्या गाठीचा तुकडा सुईने काढला. नाव कळायला तीन आठवडे लागले. तोवर घरात कोणी नीट जेवलं नाही. पहिल्या गाठीत काय होतं, ते मात्र आता कोणीच सांगू शकणार नाही.

बहुतेक गाठी साध्या असतात, घाबरू नये. पण गाठ वाढत असेल, खोल असेल, लिंबाएवढी झाली असेल, तर कापण्याआधी मोठ्या इस्पितळात दाखवा. आणि साधी म्हणून काढलेली गाठसुद्धा तपासणीला पाठवायला सांगा. रिपोर्ट रेशनकार्डासारखा जपा.