यादीतली आपली माणसं

आमच्या पिढीच्या सदाशिव पेठेत वर्षाचे दोन निकाल असायचे. एक शाळेचा, एप्रिलअखेरचा. दुसरा देशाचा, सव्वीस जानेवारीच्या आदल्या रात्रीचा. पहिल्याची धास्ती वाटायची, दुसऱ्याची ओढ. दिल्लीहून पद्म पुरस्कारांची यादी निघायची आणि ज्या बिऱ्हाडात रेडिओ होता त्यांच्या सोप्यावर अख्खा वाडा गोळा व्हायचा. रेडिओवर कशिद्याचा रुमाल, रुमालावर पितळी गणपती, समोर सतरंजीवर आम्ही. रात्रीच्या बातम्यांत मोठी नावं तेवढी कळायची. बाकीच्यांसाठी उजाडेपर्यंत कळ काढायची.

सकाळी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या देऊ लागल्या, की बंबात ढलप्या घालणारा हात थांबायचा. मग वर्तमानपत्र यायचं. खालच्यांचा ‘सकाळ’, माडीवरच्यांचा ‘केसरी’, आणि वाचणारी बिऱ्हाडं त्याच्या तिप्पट. म्हणून यादी मोठ्याने वाचायची पद्धत होती. चष्म्याची निसटलेली काडी दोऱ्याने बांधून आजोबा ओसरीवर बसायचे आणि एकेक नाव असं सावकाश उच्चारायचे, जणू त्या माणसाला पाटावर बोलावतायत. मध्येच कुणीतरी म्हणायचं, ‘हा आपला!’

आपला कोण, याचे नियम सैल होते. पुण्यात जन्मला तो आपला. पुण्यात शिकला तो आपला. वसंत व्याख्यानमालेत एकदा बोलून गेला, तोही आपलाच.

दुपारी आई गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची. यादीचं कात्रण जुन्या जमाखर्चाच्या वहीत चिकटवलं जायचं. उरलेला कागद फडताळात अंथरायला, त्यातूनही उरला तर शाळेच्या पुस्तकांना घालायला. पुस्तकाच्या मलपृष्ठावर पद्मभूषण आणि पोटात अपूर्णांक, असं वर्षभर चालायचं. काही नावं आम्हाला पाठ झाली ती अशी, कव्हरावरून.

ज्यांच्या घरात इंग्रजी अमदानीतल्या पदव्या होत्या, त्यांची गोष्ट निराळी. रावसाहेब, रावबहादूर, दिवाणबहादूर. शिसवी चौकटीतली सनद, खाली कुलाबा-ठाण्याच्या कुठल्याशा नोकरीची वर्षं. स्वातंत्र्य आलं आणि या तसबिरी दिवाणखान्यातून माजघरात, माजघरातून माळ्यावर गेल्या. १९६१च्या १२ जुलैला पानशेत फुटलं तेव्हा नारायण-शनिवारातल्या नातेवाइकांच्या काही सनदा मुठेने नेल्या. त्यांचं कुणाला फारसं दुःख झालेलं आठवत नाही. सगळे हळहळले ते लोणच्याच्या बरण्यांसाठी आणि पोथ्यांसाठी. चौकट मात्र फुकट जायची नाही. वरची काच पुसून, मागचा पुठ्ठा बदलून त्यात पुढे कुणाच्या तरी लग्नाचा फोटो बसला.

राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने पदव्याच बंद केल्या. नवे सन्मान १९५४च्या २ जानेवारीला आले : भारतरत्न आणि पद्मविभूषण. पद्मविभूषणाचे तेव्हा तीन भाग होते, पहिला वर्ग, दुसरा वर्ग, तिसरा वर्ग. आगगाडीच्या डब्यांसारखेच. आमच्या वाड्यात तिसऱ्या वर्गानेच प्रवास करायची रीत, त्यामुळे त्यात कमीपणा वाटला नाही. पण पुढच्याच वर्षी जानेवारीत नावं बदलली, आणि पद्मविभूषण, पद्मभूषण, पद्मश्री ही आज आपल्याला ठाऊक असलेली नावं आली.

१९५५च्या यादीत पद्मविभूषण म्हणून धोंडो केशव ऊर्फ अण्णासाहेब कर्वे होते आणि १९५८ साली भारतरत्न म्हणूनही तेच. त्या वर्षी तो मान आणखी कुणालाच नव्हता. १८ एप्रिल १९५८ला अण्णासाहेबांना शंभर वर्षं पूर्ण झाली आणि त्याच दिवशी त्यांच्या चित्राचं टपाल तिकीट निघालं. हयात माणसाचं चित्र स्वतंत्र भारताच्या तिकिटावर पहिल्यांदाच आलं. पेठेतल्या मोठ्या माणसांनी ती तिकिटं पत्रांना लावली नाहीत. वहीत ठेवली, देवघरात ठेवली, एका घरात तर हळदी-कुंकवाच्या करंड्याखाली ठेवली.

याचं कारण आम्हा मुलांना उशिरा उमगलं. पेठेतल्या जुन्या वाड्यांतून एकेक आत्याबाई असायची. कुणाची सख्खी, कुणाची चुलत, कुणाची फक्त मानलेली. बालपणी लग्न झालेली, बालपणीच सगळं संपलेली. काहींचं उभं आयुष्य आलवणात, चुलीपाशी आणि दुसऱ्यांच्या बाळंतपणात गेलं. आणि काही हिंगण्याला, अण्णासाहेबांच्या आश्रमात गेल्या. त्या हिंगण्याच्या आत्याबाई वेगळ्या ओळखू यायच्या. हातात पिशवी, पिशवीत वह्या, चालण्यात घाई. मास्तरीण होऊन स्वतःच्या पगारातून भाचरांची फी भरणाऱ्या. घरात त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि ते वजन कुणी दिलं हे त्या कधी विसरल्या नाहीत.

विधवा गोदूबाईंशी, म्हणजे बाया कर्व्यांशी, अण्णासाहेबांनी १८९३ साली लग्न केलं तेव्हा त्यांच्या गावाने, मुरुडने, त्यांच्यावर बहिष्कार टाकला. पुण्यातही पंगतीला बोलावताना लोक दहादा विचार करत. अनाथ बालिकाश्रम सुरू झाला आणि प्लेगच्या दिवसांत गावाबाहेर, हिंगण्याच्या माळावर झोपडीत गेला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं आणि संध्याकाळी सामान घेऊन हिंगण्यापर्यंत पायी जायचं, असं ते वर्षानुवर्षं करत राहिले. घरोघर फिरून वर्गणी मागितली. बायांनीही मागितली. कुठे आणे मिळाले, कुठे दार लागलं. ज्या पेठांनी तोंड फिरवलं, त्याच पेठांत १९५८ साली पेढे वाटले गेले, ही गोष्ट आमच्या आजीने आम्हाला गोड करून सांगितली नाही. ती म्हणायची, ‘बक्षीस आत्ता आलं, काम केव्हाचं झालंय.’ आणि लगेच पुढे म्हणायची, ‘त्यातलं अर्धं बायाचं.’ बाया तोवर गेलेल्या होत्या.

भारतरत्नाचं पदक पिंपळपानाच्या आकाराचं, त्यावर सूर्य आणि देवनागरीत ‘भारतरत्न’ ही अक्षरं. ते आम्ही कुणीच प्रत्यक्ष पाहिलं नाही. तिकीट पाहिलं. आत्याबाई पाहिली.

१९६३ला महामहोपाध्याय पां. वा. काणे भारतरत्न झाले. वकिली सांभाळून त्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला, आणि भांडारकर संस्थेने त्याचे खंड काढले. पहिला १९३० साली निघाला, शेवटचा १९६२ साली. बत्तीस वर्षं! ‘पान उलटायलाही कंटाळा करतोस आणि ते बघ,’ हे वाक्य त्या वर्षी निदान पाच घरांत ऐकू आलं असेल. आमच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे दत्तो वामन पोतदार १९६७ला पद्मभूषण झाले, तेव्हा मंडळाच्या वाटेवरचे दुकानदारही आपल्याच घरातलं कार्य असल्यासारखे बोलत होते. रुमालात बांधलेली दफ्तरं सोडवत, कसर झाडत बसणाऱ्या माणसाला राष्ट्रपती ओळखतात, याची मोठी नवलाई होती.

बायकांची यादी वेगळी असायची. १९६२ला ताराबाई मोडकांना पद्मभूषण मिळालं, पुढे १९८५ला अनुताई वाघांना पद्मश्री. कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांच्या अंगणात जाऊन बालवाडी भरवणाऱ्या या दोघी. अनुताई स्वतः बालविधवा, रात्रशाळेत शिकून मॅट्रिक झालेल्या. आमच्याकडच्या बालवाडीच्या बाई त्या दिवशी वर्गात नुसत्या हसत होत्या. नाटकवेड्यांची यादी आणखी निराळी. १९६४ला बालगंधर्व पद्मभूषण झाले तेव्हा ज्या म्हाताऱ्यांनी तरुणपणी पोटाला चिमटा घेऊन नाटकाची तिकिटं काढली होती, त्यांचे डोळे भरून आले. बालगंधर्वांचं शरीर तेव्हा थकलेलं होतं. ‘आधी का नाही?’ एवढंच ते म्हातारे म्हणाले. १९७०ला हिराबाई बडोदेकर. तेव्हा मात्र सगळी पेठ खूश.

हा ‘आधी का नाही?’ आमच्या घरांत पुन्हापुन्हा ऐकू यायचा. १९५२ला हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक घेऊन आलेल्या खाशाबा जाधवांचं नाव तालमीतली माणसं दर जानेवारीला शोधायची. पद्म यादीत ते कधीच आलं नाही. अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर.

आणि ‘नको’ म्हणणारेही होते. भारत सेवक समाजाचे हृदयनाथ कुंझरू १९६८ला भारतरत्नाला नको म्हणाले. घटना समितीत आपण अशा सन्मानांना विरोध केला होता, मग आता कसं घ्यायचं, एवढं सरळ कारण. गोखल्यांनी १९०५ला पुण्यात काढलेल्या संस्थेचा अध्यक्ष असा वागतो, याचा अभिमान आमच्या आजोबांना एखाद्या पदकाइतकाच होता. पुढे जनता सरकारने सन्मान बंदच केले आणि १९७८, १९७९च्या सव्वीस जानेवारीला यादी आली नाही. ओसरीवर त्या सकाळी चुकल्याचुकल्यासारखं झालं. नव्वदच्या दशकातही न्यायालयातल्या प्रकरणामुळे काही वर्षं खंड पडला. १९९५ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हे सन्मान म्हणजे पदव्या नव्हेत, नावाच्या मागे-पुढे ते लावायचे नाहीत. पाटीवर नाव, बिऱ्हाडाचा मजला आणि ‘कडी वाजवावी’ एवढंच लिहिणाऱ्या आमच्या पेठेला ते मनापासून पटलं.

भीमसेन जोशींचं तर काय सांगावं. १९७२ पद्मश्री, १९८५ पद्मभूषण, १९९९ पद्मविभूषण, २००८ भारतरत्न. सगळ्या पायऱ्या एकेक करून चढलेला हा माणूस. रमणबागेत सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्री आम्ही घोंगडी, थर्मास आणि डब्यातल्या दशम्या घेऊन बसायचो, आणि पहाटे त्यांचं गाणं कानात घेऊन लक्ष्मी रस्त्याने घरी चालत यायचो. भारतरत्न जाहीर झालं तेव्हा ते आजारी होते. सन्मान त्यांच्या पुण्यातल्या घरी आणून दिला गेला. आम्हाला ते योग्य वाटलं. त्यांच्या गाण्यासाठी आम्ही इतकी वर्षं थंडीत बसलो, दिल्लीने एकदा पुण्याला यावं.

पेठेचे स्वतःचेही सन्मान होते. गणेशोत्सवाच्या मांडवात शाल आणि नारळ. शाल पुढे बाळाच्या दुपट्यावर, बाळ मोठं झालं की आजीच्या गुडघ्यावर, आणि विरली की गोधडीच्या पोटात. नारळाची त्याच रात्री बर्फी. हा मान ज्यांना मिळायचा त्यांची नावं कुठल्याच यादीत नव्हती. चाळीस वर्षं फुकट शिकवणी घेणारे गणिताचे मास्तर. पैसे आहेत का, हे कधीच न विचारणारे डॉक्टर. रात्री-अपरात्री दार वाजलं की पिशवी घेऊन निघणारी सुईण. ग्रंथालयातल्या फाटक्या पुस्तकांना रोज खळ लावून बांधणी करणारे शिपाईमामा. प्रत्येकाच्या गल्लीत असं कुणीतरी होतंच, तुमच्याही.

अलीकडे यादी बदलली आहे आणि ते आम्हाला फार आवडतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, गावठी बियाणं जपणाऱ्या, २०२० साली पद्मश्री झाल्या. २०२१ला सिंधुताई सपकाळ आणि पारधी मुलांचं गुरुकुल चालवणारे चिंचवडचे गिरीश प्रभुणे. २०१८ला पॅरालिंपिकमधले जलतरणपटू मुरलीकांत पेटकर आणि कचऱ्यातून विज्ञानाची खेळणी करणारे अरविंद गुप्ता. ही नावं वाचताना ओसरीवरचे आजोबा हवे होते, असं फार वाटतं.

आता शिफारस कुणीही नागरिक करू शकतो. सरकारच्या संकेतस्थळावर, पैसे न लागता. माणसाच्या कामाविषयी जास्तीत जास्त ८०० शब्द लिहायचे असतात. वर्षाला साधारण १२० पुरस्कार, सहसा मरणोत्तर नाहीत. म्हणजे माणूस आपल्यात आहे तोवरच लिहायला हवं. वाचकहो, तुमच्या गल्लीतल्या त्या मास्तरांबद्दल, त्या डॉक्टरांबद्दल, त्या बाईंबद्दल तुम्ही घरी इतकं बोलता. या वर्षी ते ८०० शब्दांत लिहून पाठवा.