पांझरेकाठचा समुद्र

धुळ्याच्या देवपुरात समुद्राची आठवण व्हावी असे काही नाही. पांझरेचे पात्र वर्षातला बराच काळ वाळू आणि दगडगोटे दाखवत पडलेले असते. पश्चिमेचा किनारा दोनशे किलोमीटरहून दूर. तरी साक्रीच्या डोंगरात उगवलेली पांझरा तापीला मिळते आणि तापी सुरतेपुढे खंबातच्या आखातात उतरते. आपल्या दाराशी आलेला पूर जाताना काळ्या कातळाचे विरघळलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम सोबत नेतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला दख्खनचा लाव्हा असा कणाकणाने समुद्रात जात आला आहे. घरातल्या काचेच्या टाकीसाठी खारे पाणी करायला घेतले, की हा सारा प्रवास माझ्या डोळ्यांसमोर उभा राहतो.

या कामाची सुरुवात मिठाने होत नाही, पाण्यात विरघळलेले सारे काढून ते रिकामे करण्याने होते. आमच्याकडे बोअरचे पाणी जड. हंड्याला आतून पांढरा थर धरतो, तुरीची डाळ शिजता शिजत नाही. समुद्रालाही कॅल्शियम लागतेच, मग जड पाण्यातले कॅल्शियम काढायचे कशाला? कारण त्याचे माप आपल्या हाती नसते, आणि ते एकटे येत नाही. बेसाल्टमधून झिरपलेल्या पाण्यात सिलिका असते. तिच्यावर डायटम नावाची सूक्ष्म शेवाळे पोसतात आणि काचेवर तपकिरी थर चढतो. शेतातल्या खतांचे नायट्रेट असते, नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. म्हणून पाणी आधी कार्बनच्या गाळणीतून, मग आरओच्या पडद्यातून आणि शेवटी रेझिनमधून काढायचे, विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसेपर्यंत. आरओतून बाहेर पडणारे जास्त क्षारांचे पाणी मी बादल्यांत धरून ठेवतो. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या मुलखात ते मोरीत सोडून देणे मला जमणार नाही; फरशी आणि अंगण त्यावर निघते.

आता मीठ. स्वयंपाकघरातले चालत नाही, आणि त्यामागचे कारण फार सुंदर आहे. उरण-पेणकडच्या मिठागरात भरतीचे पाणी उन्हात आटू लागले, की आधी कॅल्शियमचे कार्बोनेट खाली बसते, मग जिप्सम, आणि त्यानंतर खाण्याचे मीठ. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम शेवटच्या कडवट पाण्यात राहून जातात. मिठागराचे सगळे कसब समुद्रातून मीठ वेगळे काढण्यात आहे. ते मीठ पुन्हा पाण्यात टाकले तर पाणी खारट होईल. समुद्र होणार नाही.

समुद्राचे समुद्रपण प्रमाणात आहे. 1819 मध्ये अलेक्झांडर मार्सेट यांनी निरनिराळ्या समुद्रांचे पाणी तपासून सांगितले, की क्षार कमीजास्त असले तरी त्यांचे एकमेकांशी नाते सगळीकडे जवळपास सारखे असते. पुढे 1872 ते 1876 मध्ये ‘चॅलेंजर’ जहाजाने जगभरातून आणलेले 77 नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले आणि 1884 मध्ये त्याची खात्री पटवली. अरबी समुद्र जास्त खारा, बंगालचा उपसागर नद्यांमुळे कमी. पण दोन्हींत सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम यांची वाटणी तीच. फिलिप हेन्री गॉस यांनी त्याआधीच, 1854 मध्ये, लंडनमध्ये चार क्षार मिसळून समुद्रजीवांसाठी पाणी बनवले होते. आज मत्स्यालयाच्या मिठाची पिशवी देवपुरात उघडता येते, ती क्षारांच्या या नात्यामुळेच.

ही पिशवी उघडल्यावर घाई करायची नाही. नेहमी पाण्यात मीठ घालायचे. मिठावर पाणी ओतले तर तळाशी द्रावण एकदम दाट होते, कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसते आणि पाणी दुधासारखे पांढरे पडते. खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकच्या स्वच्छ पिंपात पंप फिरत ठेवायचा आणि मीठ थोडे थोडे सोडायचे. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. मिश्रणाने हवेतला ओलावा धरलेला असतो, म्हणून पिशवी त्याहून थोडी जास्त रिकामी होते. पाणी आधी गढूळते, मग हळूहळू निवळत जाते. रात्रभर फिरल्यावर हवेशी त्याची देवाणघेवाण होते आणि पीएच 8.2च्या आसपास स्थिरावतो. मग रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब ठेवून डोळा लावायचा. 25 अंशांना सापेक्ष घनता 1.026 आली, की मनाला जे बरे वाटते ते सांगता येत नाही.

तरीही मासे लगेच सोडायचे नसतात. खडकांवर जिवाणू वसले पाहिजेत. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे. त्याला अनेक आठवडे लागतात. रिकाम्या टाकीपुढे थांबणे हाही माशाला दिलेला मान आहे.

खानदेशी मे महिन्यात ही टाकी रोज थोडी आटते. उडून जाते ते फक्त गोडे पाणी. क्षार मागे राहतात आणि खारटपणा चढतो. म्हणून भर घालायची ती शुद्ध गोड्या पाण्याची. पारा 43 अंशांच्या पुढेही जातो, म्हणून पाणी थंड ठेवणारा चिलर लागतो, वीज गेली की हवेच्या पंपासाठी बॅटरी लागते. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात आता क्लाउनफिशची पैदास होते, त्यामुळे हा मासा तरी प्रवाळावरून ओरबाडून आणण्याची गरज उरलेली नाही. पण हौदात जन्मलेल्या माशालाही पाणी तेच हवे. किनाऱ्यावरच्या माशाला पाणी बिघडले तर दुसरीकडे जाता येते. देवपुरातल्या माशाला आपण मापून दिलेल्या पाण्याखेरीज दुसरा समुद्र नाही. म्हणून माझ्याकडे तयार पाण्याचे एक पिंप कायम भरलेले असते, आणि मापात मी ढिलाई करत नाही. इतक्या दूर आणलेल्या जिवावर माया करायची, तर ती अशी थेंबाथेंबाने मोजूनच करावी लागते.