लाल शाई

अण्णांच्या टेबलावर लाल शाईची बाटली कायम असायची. मिरजेच्या एका स्टुडिओत ते रिटचिंग करत. तिरकी काच, तिच्याखाली आरसा, काचेवर निगेटिव्ह आणि हातात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. चेहऱ्यावरची सुरकुती निगेटिव्हवर पारदर्शक रेघ होऊन उतरते. अण्णा ती बारीक ठिपक्यांनी भरत. ठिपके बसले की तिथून उजेड कमी जातो आणि कागदावर ती जागा उजळ येते. सबंध चेहराच उजळायचा असेल तर त्यावर लाल शाईचा पातळ हात. छपाईच्या कागदाला लाल रंग दिसत नाही, त्यामुळे शाईखालचा भाग गोरा होऊन निघायचा. लग्नाच्या मुलींचे फोटो आले की बाटली भराभर रिकामी व्हायची.

आजीच्या जुन्या फोटोत कुंकू काळं का, असं मी त्यांना विचारलं होतं. पूर्वीच्या काचांना आणि फिल्मलाही तांबडं दिसत नसे, म्हणून कुंकू काळं आणि सावळी कातडी होती त्याहून सावळी. वांग, पुटकुळ्या ठळक. कॅमेऱ्याने आधीच अन्याय केलेला, आपण थोडी भरपाई करतो, असं अण्णा म्हणत. तेव्हा ते पूर्ण पटलं होतं. आता अर्धं पटतं.

लग्न होऊन जयपूरला आले. प्रिन्स ऑफ वेल्स येणार म्हणून 1876 साली या शहरावर गुलाबी रंगाचा हात फिरवला गेला, तो सवाई रामसिंह दुसरे यांच्या कारकिर्दीत. हे राजे फोटोग्राफीने झपाटलेले. राजवाड्यात त्यांचा तसवीरखाना होता. काचेवर कोलोडियन ओतायचं आणि ते ओलं असेपर्यंत फोटो घेऊन धुऊनही काढायचा, एवढी घाईची ती कला. जनान्यातल्या बायकांचे त्यांनी काढलेले फोटो पाहताना मी खिळून राहिले. पडद्याआडचे ते चेहरे एरवी आपल्यापर्यंत पोचलेच नसते. त्यांच्यावरचा शीण, ताठा, अवघडलेपण कुणी गुळगुळीत करून टाकलं असतं तर हाती काय उरलं असतं?

मला इथे काम मिळालं ते दागिन्यांच्या फोटोंचं. फोटोशॉप 1990 साली आलं आणि 2002च्या आवृत्तीत डाग भरून काढणारा ब्रश मिळाला. अण्णांची पेन्सिल तिथेच संपली. कुंदनाच्या हारात समोरच्या सगळ्याचं प्रतिबिंब पडतं : दिवा, कॅमेरा, माझी ओढणीसुद्धा. ते एकेक पुसायचं, धूळ काढायची, पण सोन्याच्या पत्र्यावर कारागिराच्या हाताने आलेला किंचित वाकडेपणा ठेवायचा. पन्न्याच्या रंगाला तर हातच लावायचा नाही. फोटोत हिरवा जरा गडद झाला तर माल परत येतो, म्हणून जौहरी बाजारातले व्यापारी स्वतः बजावतात, "बहनजी, रंग असली रखना." आणि त्यांच्यातलाच कुणी मुलीचा फोटो घेऊन येतो तेव्हा म्हणतो, "इसे थोडा गोरा कर दो."

हे ऐकून माझा जीव तुटतो. जुन्या फिल्मला तांबडं दिसत नव्हतं, हे कारण आता उरलेलं नाही. आजच्या कॅमेऱ्याला मुलीचा रंग नीट दिसतो. न पाहणारे आपण आहोत. मोबाइल तर बटण दाबायच्या आधीच कातडी घोटून ठेवतो. त्या चेहऱ्याकडे अण्णांइतका वेळ कुणी पाहिलेलंही नसतं.

मी मुरूम काढते, तो आठवड्याभरात जाणारच असतो. तीळ, जुना व्रण, आजीच्या हनुवटीवरचं गोंदण तसंच ठेवते. रंग बदलून देत नाही. पन्न्याला जो नियम, तोच लेकीला लावा, असं सांगते. काही जण फाइल घेऊन दुसरीकडे जातात. त्यांना अडवत नाही, पण तो फोटो पसंत करणाऱ्यांच्या घरी शेवटी ही सावळी मुलगीच नांदायला जाणार आहे, एवढं सांगितल्याशिवाय फाइल हातात देत नाही.