डोमेन कोणाच्या नावावर?

डोमेन म्हणजे इंटरनेटवर नोंदवलेले नाव. जाळ्यावरचे संगणक एकमेकांना आकड्यांच्या आयपी पत्त्यांनी ओळखतात. माणसांच्या ते आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून आकड्यांना नाव जोडले जाते. सुरुवातीला अशी सगळी नावे एकाच फाइलमध्ये असत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती सांभाळली जाई आणि बाकीचे संगणक तिची प्रत उतरवून घेत. संगणक वाढत गेले तशी ही फाइल आवरेनाशी झाली. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी हे काम अनेक ठिकाणी वाटून देणारी रचना मांडली. डोमेन नेम सिस्टीम किंवा डीएनएस म्हणतात ती हीच.

डीएनएसमध्ये नाव उजवीकडून उलगडते. कोल्हापूर जिल्हा प्रशासनाच्या ‘कोल्हापूर डॉट गव्ह डॉट इन’ या नावात ‘इन’ भारताचे, ‘गव्ह’ सरकारी कार्यालयांसाठी राखीव आणि ‘कोल्हापूर’ त्या जिल्ह्याचे. ब्राउझरमध्ये हे नाव टाकले की इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा सर्व्हर आधी मूळ सर्व्हरला विचारतो. तिथे ‘इन’ची माहिती कुठे मिळेल एवढेच कळते. पुढचा सर्व्हर त्याच्या पुढच्याकडे धाडतो आणि शेवटी आयपी पत्ता हाती येतो. मूळ सर्व्हर ए ते एम अशा १३ अक्षरांनी ओळखले जातात, पण त्यांच्या प्रती जगभर पसरलेल्या आहेत, मुंबईतही आहेत. मिळालेले उत्तर ठरावीक वेळ साठवून ठेवले जाते, त्यामुळे दर वेळी एवढी विचारपूस होत नाही. याच कारणाने संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवले, तर काहींना नवे पान दिसते आणि काहींना बराच वेळ जुनेच दिसत राहते.

‘डॉट इन’ची नोंदणी पूर्वी मुंबईतल्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होती आणि नियम कडक होते. २००५ मध्ये ती सर्वांना खुली झाली. आता नोंदवही नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, सांभाळते. ग्राहकाला नाव देतात ते तिने मान्यता दिलेले रजिस्ट्रार. नाव एका वर्षापासून दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीने मिळते. ते कायमचे विकत मिळत नाही, ही गोष्ट विक्रीच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत कधीच नसते.

राधानगरीत दाजीपूरचे गवे पाहायला आणि मे-जूनमध्ये काजव्यांसाठी पाहुणे येतात. आमच्या घरच्या खोल्या त्यांना द्यायच्या ठरल्या, तेव्हा नावाचा प्रश्न आला. रोमन लिपीतल्या नावात इंग्रजी अक्षरे, आकडे आणि आडवी रेघ एवढेच चालते, आणि दोन टिंबांमधला भाग ६३ अक्षरांपेक्षा मोठा असू शकत नाही. खरी अडचण स्पेलिंगची निघाली. राधानगरीतल्या ‘ग’नंतर कोणी ‘ए’ लिहितो, कोणी नाही. दाजीपूरचा ‘पू’ कोणी ‘यू’ने लिहितो, कोणी दोन ‘ओ’ने. पुणे-बेळगावचा पाहुणा फोनवर ऐकलेले नाव त्याच्या सवयीने टाइप करणार. म्हणून दोन्ही स्पेलिंगे घेतली आणि एक दुसऱ्याकडे वळवले. आडवी रेघ टाळली, कारण ती फोनवर सांगता सांगता नाकी नऊ येतात.

देवनागरीतले नाव घेण्याचाही विचार झाला. २७ ऑगस्ट २०१४ पासून ‘डॉट भारत’ उपलब्ध आहे आणि त्यात मराठी नावे नोंदवता येतात. मात्र डीएनएस आतून रोमन अक्षरांवरच चालते. ‘भारत’ हा शब्द तिथे एक्सएन, दोन आडव्या रेघा आणि एच२बीआरजे९सी असा साठवला जातो. ब्राउझर हे रूपांतर गुपचूप करतो. पण बुकिंगचे अनेक फॉर्म देवनागरी पत्ता घेतच नाहीत, आणि ई-मेललाही तो सगळीकडे चालत नाही. मराठीसाठी ही सोय हवीच. पण व्यवसायाचे एकमेव नाव म्हणून ती अजून पुरेशी नाही, असे आमच्या घरी ठरले.

संकेतस्थळ एका ओळखीच्या माणसाकडून करून घेतले होते. त्याने नाव स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या ई-मेलवर नोंदवले. मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्याकडे गेल्या, तो गाव सोडून गेला होता आणि ऐन काजव्यांच्या हंगामात संकेतस्थळ बंद पडले. वडिलांना डीएनएस ठाऊक नव्हते, पण प्रश्न नेमका होता: “सातबाऱ्यावर नाव कोणाचं?” हूइज या खुल्या शोधसेवेत रजिस्ट्रार आणि मुदतीची तारीख दिसली. मुदत संपली की नाव लगेच दुसऱ्याला जात नाही. आधी काही दिवस नेहमीच्या शुल्कात नूतनीकरण होते, मग साधारण महिनाभर भरमसाट दंड घेऊन ते परत मिळते, शेवटी पाच दिवसांनी ते नोंदवहीतून पुसले जाते. त्यानंतर ते कोणीही घेऊ शकतो. आमचे नाव दंडाच्या टप्प्यात होते. त्या माणसाचा पत्ता लावून, त्याच्याकडून बदलीचा गुप्त संकेत घेऊन ते घरच्या खात्यात आणले.

नाव दुसऱ्याने उचलले असते, तर तक्रारीला जागा आहे. ‘डॉट इन’च्या वादांसाठी निक्सीचे धोरण आहे आणि लवाद निकाल देतो. पण नावावर आपला हक्क आहे आणि समोरच्याने ते वाईट हेतूने घेतले, हे दाखवावे लागते. ‘राधानगरी’सारख्या गावाच्या नावावर एका होमस्टेला असा दावा सांगणे अवघड.

नावाच्या शेपटाकडे पाहण्याची सवयही या निमित्ताने लागली. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला सांगितले, ते फसव्या संकेतस्थळांना आळा घालण्यासाठी. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो.

दुकान, संस्था किंवा होमस्टेसाठी संकेतस्थळ कोणाकडूनही करून घ्या; डोमेनचे खाते, ई-मेल आणि मोबाइल नंबर मात्र घरचाच द्या, आणि मुदतीची तारीख आजच हूइजवर पाहून घ्या.